गोधनाची वाढ आणि २१ दिवसांचे गणित

(बुटीबोरी परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर कृत्रिम रेतन या विषयावर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतकऱ्याच्या दारी गाय व्याली की घरात दूध येते. कालवड झाली तर उद्याची गाय तयार होते आणि गोऱ्हा झाला तर शेताला बैल मिळतो. दूध, बैलशक्ती आणि शेणखत या तिन्हींचा उगम एकाच घटनेत आहे. ती घटना म्हणजे गायीचे वेळेवर गाभण राहणे. पशुविकासाच्या योजना कितीही मोठ्या असल्या तरी त्यांची सारी भिस्त अखेर याच एका गोष्टीवर असते. म्हणून आजचा विषय कृत्रिम रेतन हा असला तरी व्याख्यानाचा मुख्य रोख प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यावर, या भागाच्या बोलीत सांगायचे तर कोठ्यावर, राहणार आहे.

बुटीबोरीचा परिसर

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर वसलेल्या बुटीबोरीचे रूप दुहेरी आहे. एका बाजूस विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या बाजूस कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारी गावे आहेत. अनेक घरांत एक माणूस कारखान्यात पाळीवर जातो, दुसरा शेत पाहतो आणि दावणीच्या दोन-तीन जनावरांचे सारे घरातील स्त्रिया व वृद्ध माणसे करतात.

या परिसरात दुधाला मागणी आहे. नागपूरसारखे मोठे शहर हाकेच्या अंतरावर आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाल्यापासून गावोगावच्या दूध संकलनाला चालना मिळाली. आणि नागपूर येथे मोठा दूधप्रक्रिया प्रकल्प उभारण्याचा मनोदय मदर डेअरीने २०२४ साली जाहीर केला. बाजारपेठ जवळ आहे, परंतु ती भरून काढण्याइतके दूध विदर्भातील गोठ्यांतून निघत नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेत विदर्भ दुधात मागे राहिला, त्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण मात्र पूर्णपणे गावाच्या हातात आहे. ते म्हणजे दोन वेतांमधील लांबत जाणारे अंतर.

कल्पना जुनी, विद्या नवी

नर-मादीचा प्रत्यक्ष संयोग न होता गर्भधारणा घडविता येते, हे इटलीतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने १७८० च्या सुमारास कुत्रीवर प्रयोग करून दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इव्हानोव्ह यांनी या विद्येचा उपयोग घोडी व गायींसाठी केला. १९३६ साली डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी सहकारी संस्था काढली. भारतात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी पहिले प्रयोग केले आणि १९४२ पासून इज्जतनगर येथील संस्थेत त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, ‘की व्हिलेज’ योजनेद्वारे हे काम खेड्यांपर्यंत आले.

त्या काळी रेत द्रवरूपातच वापरले जाई. बर्फावर ठेवलेले रेत दोन-तीन दिवसांत निकामी होई. त्यामुळे केंद्रापासून दूर असलेल्या गावाला त्याचा लाभ मिळत नसे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना असे आढळले की, ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्रजंतू गोठविल्यानंतरही जिवंत राहू शकतात. या शोधाने चित्रच पालटले. आज रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकते आणि दुचाकीवरून नेता येणाऱ्या लहान पात्रातून कोणत्याही गावी पोहोचते.

महाराष्ट्रात ही विद्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचे मोठे कार्य मणिभाई देसाई यांनी केले. महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या निसर्गोपचार आश्रमाची धुरा वाहत असताना त्यांनी गोसंवर्धनाला वाहून घेतले आणि १९६७ साली ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली. गाय केंद्रावर हाकत नेण्याऐवजी रेतन करणारा कार्यकर्ताच गोठ्यावर जावा, ही पद्धत या संस्थेने रुजविली. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शासनाच्या बाजूने पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे उभे राहिले, २००२ साली महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची स्थापना झाली आणि गोठित रेत प्रयोगशाळांच्या कामाला एक सूत्र मिळाले. यांपैकी एक प्रयोगशाळा नागपूरलाच आहे. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आणि २००० साली स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ हेही याच शहरात आहे. बुटीबोरीच्या परिसराला ज्ञानाची आणि साधनांची ही जवळीक लाभली आहे. मग उणीव कोठे राहते?

२१ दिवसांचे गणित

निरोगी गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. माज टिकतो तो अवघे १२ ते १८ तास. संकरित गायीत काहीसा अधिक, देशी गायीत बहुधा कमी. माज संपल्यानंतर सुमारे १० ते १२ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते फार थोडा वेळ फलनक्षम राहते. रेतन यशस्वी व्हायचे तर शुक्रजंतू या सुमारास गर्भमार्गात हजर असले पाहिजेत. याचा अर्थ, २१ दिवसांत एकदाच दार उघडते आणि काही तासांतच ते बंद होते.

गाय व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे ६० दिवस द्यावेत. त्यानंतर ९० दिवसांच्या आत ती गाभण राहिली, तर गर्भकाळाचे सुमारे २८० दिवस धरून ३७० दिवसांनी, म्हणजे वर्षाच्या मागेपुढे, पुढचे वेत मिळते. आता समजा, लागोपाठ चार माज कोणाच्या लक्षातच आले नाहीत. चार वेळा २१ म्हणजे ८४ दिवस. वेतांतील अंतर १५ महिन्यांवर गेले. भाकड गायीच्या चाऱ्यावर व ढेपेवर दिवसाला १०० रुपये खर्च धरला, तरी एक माज चुकल्याने २,१०० रुपये आणि चार माज चुकल्याने ८,४०० रुपये व्यर्थ गेले. पुढच्या वेताचे दूध आणि वासरू लांबले ते वेगळेच. हा तोटा कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे होत राहतो.

यात आणखी एक हिशेब मिसळला पाहिजे. गावपातळीवर १०० रेतनांमागे साधारणतः ३५ ते ४० जनावरे गाभण राहतात. म्हणजे पहिल्याच रेतनात प्रत्येक गाय ठरेल, ही अपेक्षा चुकीची आहे. एकदा रेतन फसले म्हणून ‘सुईने गाय ठरत नाही’ असा निष्कर्ष काढून गाय मोकाट वळूमागे सोडणे हे त्याहून चुकीचे. अशा वळूची वंशावळ ठाऊक नसते आणि सांसर्गिक गर्भपातासारखे रोग एका गायीकडून दुसऱ्या गायीकडे पोहोचविण्यास तो कारणीभूत ठरू शकतो.

माज ओळखावा कसा?

गाय हंबरते, अस्वस्थ होते, चारा कमी खाते, दूध अचानक घटते. वारंवार थोडी थोडी लघवी करते. योनिमार्ग किंचित सुजून लालसर दिसतो आणि त्यातून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. कळपात ती इतर जनावरांवर चढते. आणि दुसरे जनावर तिच्यावर चढले असता ती स्थिर उभी राहते, ही तर माजाची सर्वांत खात्रीची खूण होय. सोट गढूळ, पिवळसर अथवा दुर्गंधीयुक्त असेल, तर गर्भाशयात विकार आहे असे समजून रेतनाऐवजी उपचार करून घ्यावेत.

दावणीला एकटीच बांधलेली गाय कोणावर चढणार? तिचा माज सोटावरूनच ओळखावा लागतो. म्हशीचा माज तर पुष्कळदा मुका असतो. उन्हाळ्यात ही अडचण वाढते. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नवतपाच्या दिवसांत जनावर दिवसभर धापा टाकीत असते आणि माजाची लक्षणे दिसलीच तर ती रात्री किंवा पहाटे दिसतात. म्हणून पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी, अशी दोन वेळा गोठ्यात शांतपणे नजर टाकण्याची सवय ही या विषयातील पहिली विद्या होय. त्यासाठी पदवी लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

ही नजर बहुतेक घरांत स्त्रीची असते. शेण काढताना, धार काढताना सोट प्रथम तिच्याच दृष्टीस पडतो. परंतु पशुसंवर्धनाची शिबिरे भरतात तेव्हा समोर बहुधा पुरुषच बसलेले असतात आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांकही त्यांच्याच खिशात असतो. घरचा माणूस कारखान्यात पाळीवर असेल, तर तो परतेपर्यंत निरोप थांबतो आणि तेवढ्यात माज सरतो. ज्याने माज पाहिला त्यानेच निरोप धाडावा, एवढी साधी व्यवस्था झाली तरी कित्येक माज वाचतील.

वेळेचा नियमही सोपा आहे. माज सकाळी दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी रेतन करावे. सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी करावे. निरोप मात्र दोन्ही प्रसंगी दिसताक्षणीच द्यावा.

कांडीचा प्रवास

कार्यकर्ता गोठ्यावर येतो तेव्हा त्याच्याजवळच्या पात्रात रेताच्या बारीक कांड्या असतात. एका कांडीत पाव मिलिलिटर रेत आणि त्यात सुमारे २ कोटी शुक्रजंतू असतात. पात्रातील नायट्रोजन कमी झाला, अथवा कांड्या वारंवार पात्राच्या तोंडाशी आणल्या गेल्या, तर हे शुक्रजंतू मरतात. आणि मेलेल्या रेताची कांडी डोळ्यांना चांगल्या कांडीसारखीच दिसते. म्हणून नायट्रोजनचा पुरवठा नियमित होतो की नाही, हे पाहणे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.

बाहेर काढलेली कांडी ३७ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात अर्धा ते पाऊण मिनिट धरून, पुसून, लगेच वापरायची असते. एकदा वितळलेली कांडी पुन्हा गोठविता येत नाही. रेत गर्भाशयमुखाच्या लगेच पुढे, हलक्या हाताने आणि स्वच्छतेने सोडले पाहिजे. पशुपालकाने यातील दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. कोमट पाण्याची व तापमापकाची व्यवस्था आहे ना, हे पाहावे. आणि वापरलेल्या कांडीवरील वळूचा क्रमांक व जात उतरवून घ्यावी. तो त्याचा हक्कच आहे. कान टोचून लावलेल्या बिल्ल्यावरील १२ अंकी क्रमांकाशी या नोंदीची सांगड घातली, म्हणजे त्या गायीचा इतिहास तयार होतो.

रेतनानंतर गायीला पळवू नये. सावलीत बांधून पाणी पाजावे. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माज येतो का, हे काळजीने पाहावे. माज दिसला नाही म्हणून ती गाभण आहे असे गृहीत धरू नये. ६० ते ९० दिवसांनी तपासणी करून घ्यावी. तीन वेळा रेतन करूनही उलटणारी गाय पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी. चौथी कांडी हा त्यावरचा उपाय नव्हे.

कोणत्या गायीला कोणते बीज?

वेळ साधली, कांडीही चांगली होती. तरी बीजाची निवड चुकली तर लाभाऐवजी अडचणच पदरी येते. विदर्भाची स्वतःची गाय म्हणजे गवळाऊ. वर्धा व नागपूर जिल्ह्यांत आणि लगतच्या मध्य प्रदेशात नंद गवळी समाजाने ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. पांढरी अथवा करडी, हलक्या बांध्याची, उन्हाला काटक अशी ही जात आहे. तिचे बैल चपळ असतात; कपाशीच्या डवरणीला आणि गाडीला त्यांची बरोबरी सहसा होत नाही. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९४१–४२ मध्ये, वर्धा येथे गोसेवेला वाहून घेतले. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे तिच्या पैदाशीसाठी शासकीय प्रक्षेत्र आहे.

गवळाऊचे दूध मात्र बेताचे. एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास. चांगल्या चाऱ्यावरील संकरित गाय त्याच्या चौपट दूध सहज देते. साहजिकच दूधविक्रीवर संसार चालविणाऱ्याचा ओढा होल्स्टीन व जर्सीच्या संकराकडे असतो आणि त्यात वावगे काही नाही. परंतु होल्स्टीनचा अंश जितका वाढतो, तितकी उन्हाची बाधा, गोचिडांचे रोग आणि चाऱ्याची गरजही वाढते. विदर्भाच्या उन्हात विदेशी रक्ताचे प्रमाण निम्म्याच्या आसपास ठेवणे हेच शहाणपणाचे होय.

यातून एक सरळ धोरण निघते. जातिवंत गवळाऊ गाय असेल तर तिला गवळाऊचेच रेत द्यावे. संकर करून ती जात गमावू नये. वंश निश्चित नसलेली गावठी गाय असेल आणि हिरवा चारा, पाणी व सावली यांची सोय असेल, तर संकर करावा. लहान बांध्याच्या कालवडीला मोठ्या बांध्याच्या जातीचे रेत देऊ नये. विताना ती अडते. संकरित कालवड भरवताना वयापेक्षा वजन पाहावे. ते २५० किलोच्या आसपास असावे. आणि बापाचे रेत लेकीला कदापि दिले जाऊ नये. हा शेवटचा नियम पाळायचा तर वळूच्या क्रमांकाची नोंद हवीच. ज्या गावात नोंद नाही, त्या गावात हा दोष नकळत शिरतो.

लिंगनिश्चित रेताची सोय अलीकडे झाली आहे. त्यापासून १०० पैकी सुमारे ९० कालवडी मिळतात. शेतीची कामे यंत्रे करू लागली, तसे संकरित गोऱ्ह्यांचे ओझे वाढले. त्यावर हा एक इलाज आहे. या कांडीत शुक्रजंतूंची संख्या कमी असते, म्हणून ती निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या कालवडीला अथवा तरुण गायीला वापरणे हिताचे.

आधी पोट, मग पैदास

उपाशी गाय माजावर येत नाही. या परिसरात सोयाबीन वाढले तशी ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. आता जनावराच्या पुढ्यात सोयाबीन-तुरीचे कुटार पडते आणि वर मूठभर सरकी ढेप. त्यातून पोट भरते, पण हिरव्या चाऱ्यातील जीवनसत्त्वे आणि फॉस्फरस, तांबे, जस्त यांसारखी खनिजे पुरेशी मिळत नाहीत. बांधावर किंवा विहिरीच्या पाण्यावर चार गुंठे हिरवा चारा, नियमित क्षारमिश्रण आणि वेळच्या वेळी जंतनाशक एवढे केले तरी न माजणाऱ्या कितीतरी गायी सुधारतात. ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस टोचून घेणे हेही याच कामाचा भाग होय.

पंचायत आणि शाळा

आता प्रश्न येतो तो पंचायतीने काय करावे हा. गावात एका सावलीच्या ठिकाणी मजबूत खोडा आणि पाण्याची सोय करावी. रेतन करणाऱ्या कार्यकर्त्याचा क्रमांक व फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक चावडीवर, दूध संकलन केंद्रावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवरही ठळकपणे लिहावा. कारण तो स्त्रियांच्या नजरेस पडला पाहिजे. मोकाट, निकृष्ट वळूंचे खच्चीकरण पशुवैद्यकांकडून करून घ्यावे. वर्षातून दोनदा वांझपणा तपासणीचे शिबिर भरवावे. आणि ग्रामसभेत एक प्रश्न नेमाने विचारावा : गावात किती गायींचे रेतन झाले, त्यांपैकी किती गाभण राहिल्या आणि किती वासरे जन्मली? केलेल्या रेतनांचा आकडा हे यशाचे माप नव्हे. जन्मलेल्या वासरांचा आकडा हे खरे माप आहे. अधिकाऱ्यांच्या मासिक अहवालालाही हेच माप लावले जावे.

शिक्षकांचे साहाय्य याहून मोलाचे आहे. घरच्या गायीचा माज, रेतन, तपासणी आणि वेत यांच्या तारखा एका साध्या दिनदर्शिकेवर मांडणे हे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. तारखेत २१ मिळविले की पुढचा माज, २८० मिळविले की विण्याचा दिवस. गणिताचा असा उपयोग मुलांना शिकवला तर हिशेब घरात आपोआप पोहोचेल. प्रजनन हा संकोचाचा विषय नसून शेतीच्या शास्त्राचा भाग आहे, ही दृष्टीही शाळेतूनच येईल.

पोळ्याच्या दिवशी बैल सजतात, तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवितात. त्या बैलाची आई वर्षभर दावणीला उभी असते. दर २१ दिवसांनी ती एकदा आपली गरज हंबरून सांगते, कधी कधी तर न हंबरताच सांगते. प्रयोगशाळा सिद्ध आहे, कांडी तयार आहे, कार्यकर्ताही निघण्यास तयार आहे. गोठ्यात माज दिसला त्या घटकेला निरोप निघाला पाहिजे, आणि तो निघेल अशी व्यवस्था प्रत्येक गावाने या हंगामापासून करावी.